विमानयंत्राचा ज्वर

आमच्या घरांत गेल्या वैशाखापासून एक विमान आहे. वाचकांनीं दचकूं नये. तें माजघरालगतच्या खोलींत संगणकाच्या पडद्यावर उडतें आणि त्यास पेट्रोलचा थेंबहि लागत नाहीं. परंतु त्या विमानाचें एंजिन तापतें, झिजतें, आजारीहि पडतें. आणि त्या आजारानें आमच्या एकत्र कुटुंबांत जो वाद माजविला तो मात्र पडद्यावरचा नव्हता. त्या वादाची हकीकत, व त्या निमित्तानें ह्या वयांत मला जें थोडेंसें यंत्रज्ञान झालें तें, येथें सांगावें असा विचार आहे. उभा जन्म मीं मुलांना संस्कृत शिकविण्यांत घालविला; यंत्रांशीं माझा संबंध सायकलीपलीकडे कधीं गेला नाहीं. तेव्हां जाणत्यांनीं माझ्या परिभाषेस हंसूं नये.

माझा धाकटा नातू बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि वैमानिक होण्याचा हट्ट धरून बसला. चंद्रपुराजवळ मोरवा येथें धांवपट्टी आहे. नागपूर फ्लाइंग क्लबनें आपलें वैमानिक-शिक्षण तेथें सुरू केल्यापासून लहान विमानें आमच्या डोक्यावरून घिरट्या घालूं लागलीं आणि ह्या मुलाची मान कायमची वर झाली. व्यावसायिक परवान्यासाठीं २०० तासांचें उड्डाण लागतें, आणि त्याचा खर्च पेन्शनीवर चालणाऱ्या घराच्या छातींत धडकी भरविणारा आहे. पैसा उभा करावयाचा तर वडिलार्जित शेताचा तुकडा विकण्यावांचून गत्यंतर नव्हतें. आमचे चिरंजीव विकण्याच्या बाजूचे. माझी विधवा बहीण, जी ह्याच घरांत असते, ती एकदम विरुद्ध. सूनबाई तोंडानें कांहीं बोलत नसत, पण भाकरी थापण्याच्या आवाजावरून त्यांचें मत कळे. शेत माझ्या नांवें असल्यामुळें शेवटीं सर्वांचे डोळे माझ्याकडे लागले.

त्याच सुमारास मुलानें आपल्या साठविलेल्या पैशांतून पायपर कोमांची ह्या विमानाची प्रतिकृति संगणकासाठीं विकत घेतली. हें मूळ विमान अमेरिकेंतील असून त्याचें पहिलें उड्डाण १९५६ सालीं झालें. ह्या प्रतिकृतींतील एंजिन सहा सिलिंडरांचें, २५० अश्वशक्तीचें. अशा नकली उड्डाणाची कल्पना मुळीच नवी नाहीं. एडविन लिंक नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९२९ सालीं लांकडी पेटींत बसून विमान चालविण्याचें शिक्षण देणारें यंत्र तयार केलें, व दुसऱ्या महायुद्धांतील असंख्य वैमानिक त्या निळ्या पेट्यांतून शिकून बाहेर पडले. घरच्या संगणकावरील उड्डाणाचा आपला खेळ मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १९८२ सालीं विकावयास काढला. बहुतेक खेळांत एंजिनाकडे लक्ष द्यावें लागत नाहीं. दांडी पुढें सारली कीं तें बिचारें गर्जत राहतें. परंतु ह्या कोमांचीच्या प्रतिकृतींत एक विलक्षण गुण आहे. ती सर्व कांहीं लक्षांत ठेवते. आज एंजिनास जो त्रास दिला त्याची झीज उद्यां तशीच असते, आणि दुरुस्तीच्या पडद्यावर जाऊन एकेका सिलिंडराची तपासणी करतां येते. हें ऐकतांच माझ्यांतला मास्तर जागा झाला. मीं सांगितलें, “पन्नास तास हें विमान असें चालवून दाखव, कीं अखेरीस एंजिन धडधाकट राहील. प्रत्येक उड्डाणाची वही लिही. वही मला पटली, तर शेताचा विचार करूं.”

नातू हंसला. “आजोबा, कठीण काम उतरण्याचें असतें. एंजिन काय, चालतच असतें!”

आतां हें एंजिन चालतें कसें तें पाहूं. पेट्रोलच्या ज्वलनांतून जी उष्णता निघते तिचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा पंख्याच्या कामीं येतो. उरलेली उष्णता धुराबरोबर, तेलाबरोबर आणि सिलिंडरांच्या अंगावरून वाहणाऱ्या हवेबरोबर बाहेर घालवावी लागते. सिलिंडरांत ज्वाळेचें तपमान दोन हजार अंशांच्या वर जातें, आणि ज्या ॲल्युमिनमचें त्याचें डोकें बनविलेलें असतें तें तर ६६० अंशांवरच वितळतें. म्हणजे ज्या भांड्यांत आपण अन्न शिजवितों तें भांडेंच अग्नीपेक्षां मऊ! भांडें शाबूत राहतें तें केवळ ज्वाळा क्षणभरच टिकते आणि बाहेरून वारा अखंड वाहतो म्हणून. मोटारीस पाण्याची टांकी असते. लहान विमानास पाण्याचें ओझें परवडत नाहीं, म्हणून सिलिंडरांना पातळ पातळ पाकळ्या काढून वाऱ्याच्या स्वाधीन करतात. आम्हां चंद्रपूरकरांना ही गोष्ट पटण्यास वेळ लागूं नये. येथील औष्णिक वीजकेंद्राचे ते अजस्र शीतक-मनोरे आणि त्यांच्यासाठीं इरई धरणांतून येणारें पाणी आपण रोज पाहतोंच; वीज करण्यापेक्षां उष्णता टाकून देणें हाच तेथला मोठा उद्योग दिसतो.

वैमानिकापुढें ह्या ज्वराचीं तीन मापकें असतात. सिलिंडराच्या डोक्याचें तपमान, तेलाचें तपमान, आणि बाहेर पडणाऱ्या धुराचें तपमान. मीं माझ्या सोयीसाठीं त्यांना शीर्षताप, तैलताप व धूम्रताप अशीं नांवें दिलीं. नातवास तीं फार आवडलीं असें म्हणवत नाहीं, परंतु वहींत त्यानें तींच लिहिलीं. ह्या जातीच्या एंजिनांत शीर्षतापाची शेवटची सीमा २६० अंश, तेलाची ११८ अंश. पण सीमा म्हणजे राहण्याची जागा नव्हे. एंजिन दीर्घायु व्हावें अशी इच्छा असल्यास शीर्षताप २२० च्या वर जाऊं देऊं नये, आणि २०५ च्या आंत ठेवल्यास उत्तम, असा जाणत्यांचा सल्ला आहे. धूम्रतापाचा आंकडा सातशें-आठशें अंशांचा असतो. त्यास भिण्याचें कारण नाहीं, कारण त्याचा उपयोग भीतीसाठीं नसून पेट्रोल व हवा ह्यांचें प्रमाण जुळविण्यासाठीं आहे.

नातवानें पहिल्याच आठवड्यांत, पडद्यावरील हवामान खऱ्या चंद्रपूरचें लावून, उड्डाणें आरंभिलीं. आमच्याकडे वैशाखांत पारा ४५–४६ अंशांवर जाणें हें नवल नव्हे. ४५ अंशांच्या दुपारीं, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशें मीटर उंच असलेल्या ह्या शहराची हवा, चार हजार फुटांहून अधिक उंचीवर एरवीं जशी असावी तशी विरळ होते. पंख्यास पकडावयास हवा कमी, पंखांस उचलावयास हवा कमी, आणि एंजिनास थंड करावयासहि हवा कमी. त्यांतून ती आधींच तापलेली. अशा वेळीं मुलानें काय करावें? दांडी पूर्ण पुढें, विमानाचें नाक आकाशाकडे, आणि लवकर उंच जाण्याची घाई. नाक वर केलें कीं वेग घटतो. वेग घटला कीं पाकळ्यांवरून वारा कमी वाहतो. आणि नेमकें त्याच वेळीं एंजिन सर्वांत जास्त उष्णता निर्माण करीत असतें. साडेअकराव्या तासाला इरई जलाशयाच्या वर तें एंजिन कांपूं लागलें आणि थांबलें. विमान पाण्यांत गेलें. पडद्यावरच, पण माझ्या बहिणीनें तें दारांतून पाहिलें, आणि दोन दिवस घरांत दुसरा विषय नव्हता.

ह्या ठिकाणीं आमच्या मंडळींनीं एक शेरा मारला तो सांगतों. “हा मुलगा कांटा तांबड्यावर गेला म्हणजे त्याकडे बघतो. दूध वर येतांना दिसलें, कीं तें उतूं जाणारच. आधीं कडेला बुडबुडे धरतात, तेव्हां चुलीपाशीं असावें लागतें.” पुढें पुस्तकांतून पाहिलें तों हेंच शास्त्र! शीर्षताप कांहीं सेकंदांत बदलत नाहीं. धातु सावकाश तापतो व सावकाश निवतो. तेलाची गति त्याहूनहि मंद. कांटा किती अंशांवर आहे ह्यापेक्षां तो किती वेगानें चढत आहे हें पाहावयाचें असतें. दोनशेंवर स्थिर असलेला कांटा निरोगी. एकशेंनव्वदावरून झपाट्यानें चढणारा कांटा रोगी.

उपचार काय? पहिला आणि सर्वांत स्वस्त उपचार म्हणजे नाक खालीं करणें. चढण मंदावते, पण वेग वाढतो आणि वारा मिळतो. दुसरा, पेट्रोलचें प्रमाण वाढविणें. तिसरा, शक्ति कमी करणें. मोठ्या विमानांत ह्याखेरीज एंजिनाच्या आवरणास उघडझांप करणाऱ्या झडपा असतात. आमच्या नागपूरच्या इतिहासांत ज्यांस मानाचें पान आहे त्या डाकोटा विमानांस अशा झडपा होत्या. ३० जानेवारी १९४९ रोजीं रात्रीची हवाई टपाल-सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास जमत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहांटेपर्यंत जो तो आपल्या गांवीं परत. माझे वडील त्या विमानांचा आवाज आठवून सांगत असत. डाकोटाच्या प्रत्येक एंजिनांत चौदा सिलिंडर, सातसातांच्या दोन वर्तुळांत, एकामागें एक. पुढच्या वर्तुळावरून तापून आलेला वाराच मागच्यांच्या वांट्यास येतो. दुसऱ्या पंगतीस बसणाऱ्यांचे हाल ठाऊक असलेल्या वाचकांस अधिक सांगणें नको. झडपा उघडल्या म्हणजे आंत अधिक वारा ओढला जातो व मागची पंगत सुखी होते. मात्र उघड्या झडपा वाऱ्यास अडवितात, त्यामुळें वेग कमी होतो.

आमच्या सहा सिलिंडरांतहि सर्वांस सारखें पेट्रोल व सारखा वारा मिळत नाहीं. कार्बुरेटरांतून निघालेली वाफ कोणाकडे कमी जाते, कोणाकडे जास्त. ज्या जुन्या विमानांत एकाच सिलिंडरास तपमापक लावीत, तेथें बाकीच्यांचा ज्वर कोणासच कळत नसे. एकत्र कुटुंबांत वडील माणसाची प्रकृति विचारून सर्वांचें क्षेमकुशल गृहीत धरण्यासारखेंच हें. मी लिहितां लिहितां थांबलों आणि सूनबाईंकडे पाहिलें, असो.

पेट्रोल वाढविल्यानें एंजिन थंड कसें होतें, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावीत होता. इंधन जास्त तर आग जास्त, असेंच कोणीहि म्हणेल. खरी गोष्ट अशी आहे कीं वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा असली म्हणजे दोन्हीं पुरीं जळतात, आणि त्याच्या आसपास धूम्रताप शिखरास पोंचतो. त्याहून पेट्रोल अधिक झालें, तर उरलेल्या पेट्रोलास जळण्यास हवाच नसते. तें उष्णता शोषून वाफेच्या रूपानें बाहेर जातें आणि ज्वलनहि मंदावतें. उलट पेट्रोल कमी झालें, तरीहि शिखराच्या पलीकडे उष्णता उतरतेच. चमत्कार असा, कीं सिलिंडराचें डोकें सर्वांत जास्त तापतें तें ऐन शिखरावर नव्हे, तर त्याच्या किंचित् अलीकडे, जेथें पेट्रोल थोडेंसेंच अधिक आहे. म्हणजे ‘थोडीशी काटकसर’ करून आपण शहाणे झालों असें ज्यास वाटतें, तोच एंजिनास भाजून काढतो. पूर्ण शक्तीच्या वेळीं भरपूर पेट्रोल. उंचीवर स्थिरावल्यावर, शक्ति उतरविल्यावर मग तांबडी मूठ हळूहळू मागें ओढावयाची, असा क्रम आहे. मात्र चढतांना दांडी केव्हां मागें घ्यावी ह्याविषयीं टीकाकारांत मतभेद आहे. जुने वैमानिक थोडें वर जातांच २५ इंच दाब व २४०० फेरे असा परिपाठ सांगतात; दुसरा पक्ष म्हणतो कीं पूर्ण दांडीच्या वेळीं कार्बुरेटर जें जादा पेट्रोल सोडतो, तें दांडी मागें ओढतांच बंद होतें, आणि शीतलता गमावते. नातवानें दोन्हीं मतें वहींत आंकड्यांसह लिहून ठेविलीं. येथून माझें त्याच्याविषयींचें मत बदलूं लागलें.

पेट्रोलच्या आधिक्यासहि शिक्षा आहेच. विमानाच्या पेट्रोलमध्यें शिशाचा अंश असतो, आणि जमिनीवर मंद गतीनें, भरपूर पेट्रोल देऊन एंजिन चालत ठेवलें तर तें शिसें प्लगांवर बसतें. प्लग म्हणजे काय चीज आहे हें सांगणारी गोष्ट १९३० सालची आहे. हिंदुस्थान व इंग्लंड ह्यांमधील अंतर एकट्यानें उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान ह्यांनीं बक्षीस लावलें होतें. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून निघाले, जे. आर. डी. टाटा कराचीहून. मिसर देशांत अबूकीर येथें दोघांची गांठ पडली, तों अस्पी प्लगांवांचून अडून बसलेले. टाटांनीं आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्यास दिले. अस्पी आधीं पोंचले व बक्षीस त्यांस मिळालें. पुढें ते भारताचे वायुसेनाप्रमुख झाले.

एक शेजारी ह्या सर्व प्रकरणांत आस्था दाखवून मला विचारीत, कीं वैमानिकशास्त्र ह्या संस्कृत ग्रंथांत यंत्राच्या तापाविषयीं काय लिहिलें आहे? संस्कृताचा अभिमान मला कोणाहून कमी नाहीं, म्हणूनच सांगतों. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालीं त्या ग्रंथाची चिकित्सा केली, आणि तो विसाव्या शतकाच्या आरंभींचा असून त्यांतील विमानें उडूं शकणारीं नाहींत असा निर्णय दिला. भाषा पाहूनच मला तो संशय होता. ज्या ऋषींनीं लिहिलें नाहीं तें त्यांच्या पदरीं बांधण्यानें त्यांचा मोठेपणा वाढत नाहीं.

आतां ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहावा वाटला ती. श्रावण लागला. दुसऱ्या एंजिनाचे तेवीस तास झाले होते. एके दिवशीं दुपारीं, मुलगा बाहेर गेला असतां, मी सहज त्या पडद्यापुढें बसलों. ऑइल, प्लग, सिलिंडर, सगळें पाहतां येतें एवढें मला आलें होतें. एंजिनाच्या तासांचा आंकडा पाहिला तो अवघा अर्धा तास! सहाही सिलिंडर नवे कोरे. वहींत मात्र तेवीस तास, आणि पुढें सुबक अक्षरांत ‘सर्व ठीक’.

संध्याकाळीं मीं त्यास विचारलें. तो कांहीं वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “आजोबा, चौथ्या सिलिंडरचा दाब ८० पैकीं ५८ वर आला होता. मीं रात्रीं एक कळ दाबून एंजिन नवें करून घेतलें. नाहीं तर तुम्हीं शेत विकलें नसतें.” मीं त्यास रागें भरलों नाहीं, कारण रागें भरण्याइतकी शक्ति मला राहिली नव्हती. एवढेंच म्हणालों, “खऱ्या विमानांत ही कळ कोठें असते?” दुसऱ्या दिवशीं तो जेवावयास आला नाहीं. आत्याबाई, ज्या इतके दिवस त्याच्या विरुद्ध होत्या, त्याच ताट वाढून त्याच्या खोलींत घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशीं वही माझ्यापुढें आली. ‘सर्व ठीक’ ही अक्षरें खोडलेलीं नव्हतीं. त्यांच्याखालीं तांबड्या शाईनें खरा आंकडा, एंजिन बदलल्याची तारीख, आणि दोषाचें कारण लिहिलें होतें. कारण असें: उतरतांना एकदम दांडी मागें ओढून, तापलेलें एंजिन थंड वाऱ्यांत लोटण्याची संवय. ह्या अचानक गारठ्यानें सिलिंडर तडकतात कीं नाहीं ह्याविषयींहि जाणत्यांत वाद आहे, पण शक्ति टप्प्याटप्प्यानें उतरवावी ह्यावर कोणाचा वाद नाहीं. तिसरें एंजिन शून्यापासून सुरू झालें.

पावसाळ्यानें त्यास आणखी एक धडा दिला. बाहेर पंचवीस अंश, झड लागलेली, शीर्षताप उत्तम. आणि एंजिनाची शक्ति मात्र हळूहळू गळूं लागली. कार्बुरेटरांत बर्फ! पेट्रोलची वाफ होतांना तेथील हवा वीस अंशांनीं किंवा त्याहूनहि अधिक निवते, आणि दमट हवेंतील पाणी गोठून वाट बंद करतें. चंद्रपुरासारख्या ठिकाणीं, श्रावणांत, एंजिन बर्फानें गुदमरावें ह्यावर आमच्या घरांत कोणाचाच विश्वास बसेना. त्यासाठीं धुराच्या नळीभोंवतीं तापलेली हवा कार्बुरेटरांत सोडण्याची मूठ असते. ती ओढतांच एंजिन प्रथम आणखी खोकतें, कारण वितळलेलें पाणी आंत जातें, आणि घाबरून मूठ परत ढकलणारा फसतो. नातवानें ती ढकलली नाहीं.

गेल्या पंधरवड्यांत त्यानें चंद्रपूर ते नागपूर हें सुमारें १३० किलोमीटरांचें उड्डाण, मुद्दाम वैशाखाचें ऊन लावून, माझ्यासमोर केलें. तेल तापेपर्यंत वाऱ्याकडे तोंड करून थांबला. उडाल्यावर नाक खालीं ठेवून सावकाश चढला; डाव्या हातास वरोरा, उजव्या हातास ताडोब्याचें रान. शीर्षताप २१४ वर जाऊन किंचित् वर सरकूं लागतांच त्यानें ठरविलेली उंची सोडून दिली आणि खालींच सपाट झाला. “उशीर होईल,” मी म्हणालों. “होऊं दे,” तो म्हणाला, आणि कांट्यावरची नजर काढली नाहीं. सात मिनिटें उशीर झाला.

ह्या घरच्या तासांची परवान्याच्या २०० तासांत गणती होत नाहीं, हें त्यास व मला दोघांसहि ठाऊक आहे. तिसऱ्या एंजिनाचे काल रात्रीं एकेचाळीस तास झाले. शेताचा सात-बारा मीं कपाटांतून काढून टेबलावर ठेविला आहे. वहींतील शेवटची नोंद अशी: “चौथा सिलिंडर ८० पैकीं ७१, मागच्या तपासणीपेक्षां दोन कमी. कारण अद्याप सांपडलें नाहीं.”